सिगारेट-बिडी ‘कमी केली’ म्हणजे पुरेसे आहे का?

धूम्रपान आरोग्याला घातक आहे हे आता कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. सिगारेटच्या पाकिटावर आणि बिडीच्या बंडलावरही ते चित्रासकट छापलेले असते. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांनाही ते माहीत असते. म्हणूनच "किती ओढता?" असे विचारले की बहुतेक वेळा उत्तर येते, "पूर्वी पाकीट लागायचं डॉक्टर, आता खूप कमी केलंय. दिवसाला तीन-चार फक्त." सोबत आलेल्या घरच्या माणसांनाही हे ऐकून थोडे बरे वाटते.

कमी करावेसे वाटणे ही चांगली सुरुवात आहे. पण बरेच जण तिथेच थांबतात आणि आपण धोक्यातून बाहेर आलो असे समजतात. तसे होत नाही. धूर शरीरात नेमके काय करतो, कमी ओढली तरी धोका का उरतो आणि ती पूर्णपणे सोडायची कशी, हे या लेखात समजून घेऊ.

एका झुरक्याबरोबर शरीरात काय जाते?

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात. त्यांपैकी किमान ६९ रसायने कर्करोगाला कारणीभूत ठरतात. समजण्यासाठी त्यांचे तीन गट लक्षात ठेवा.

पहिले निकोटिन. झुरका घेतल्यावर ते साधारण १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. व्यसन लागते ते निकोटिनमुळे. ते नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवते, तसेच रक्तवाहिन्या आकुंचित करते.

दुसरा कार्बन मोनॉक्साइड वायू. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे प्राणवायूसाठी जागा कमी उरते आणि त्याच वेळी निकोटिनमुळे हृदयाला जास्त काम करावे लागते. काम जास्त आणि पुरवठा कमी, अशी हृदयाची कोंडी होते.

तिसरे डांबर, म्हणजे टार. हा चिकट थर श्वासनलिकांमध्ये बसतो. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला कफ आणि धूळ बाहेर ढकलणारे बारीक केसांसारखे तंतू असतात. धुरामुळे ते मंदावतात. धूम्रपान करणाऱ्याला सकाळी उठल्यावर खोकल्याची उबळ येते, त्यामागे हे एक कारण असते.

कमी ओढली तरी धोका का उरतो?

दिवसाला २० ऐवजी एकच सिगारेट ओढली तर धोकाही विसाव्या हिश्शावर यायला हवा, असा आपला हिशोब असतो. हृदयाच्या बाबतीत हा हिशोब चुकतो. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका वाढतो, त्याचा जवळपास निम्मा हिस्सा दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो, असे त्यात आढळले.

असे का होते? धुराचा थोडासा डोसही रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतो आणि रक्तातल्या प्लेटलेट्स अधिक चिकट करतो. त्यांची गुठळी व्हायला मोठ्या मात्रेची गरज नसते. हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचलेला असेल, तर अशी एक गुठळी झटका येण्यास पुरेशी ठरते.

दुसरे कारण म्हणजे शरीर आपला निकोटिनचा कोटा सोडत नाही. सिगारेटींची संख्या कमी झाली की माणूस नकळत झुरके खोल घेतो, धूर जास्त वेळ आत धरतो आणि पूर्वी जिथे थोटूक फेकत होता त्याच्याही पुढे ओढतो. त्यामुळे मोजायला सिगारेटी निम्म्या झाल्या तरी विष निम्मे होत नाही. फिल्टरच्या किंवा ‘लाइट’ समजल्या जाणाऱ्या सिगारेटींचेही हेच आहे.

तिसरे कारण कर्करोगाचे. फुप्फुसाच्या कर्करोगात दिवसाची संख्या महत्त्वाची असतेच, पण किती वर्षे ओढली याला त्याहून जास्त महत्त्व असते. "थोडी थोडी" करत आणखी १५ वर्षे ओढत राहणे हा मोठाच धोका आहे.

चौथे उदाहरण बर्गर्स डिसीज या आजाराचे. हा आजार तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांत, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत दिसतो. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद होत जातात, चालताना पोटरी किंवा तळवा दुखतो, बोटे काळी पडतात आणि शेवटी ती कापावी लागू शकतात. यात तंबाखू पूर्ण बंद करणे हाच मुख्य उपचार आहे. दिवसाला एक-दोन ओढल्या तरी आजार पुढे सरकत राहतो. पूर्ण सोडणाऱ्यांचे पाय मात्र बहुतेक वेळा वाचतात.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते का?

नसते. बिडी पानात गुंडाळलेली असते, तिच्यात तंबाखू कमी असतो, म्हणून ती साधी वाटते. पण तेंदूचे पान कागदासारखे सहज जळत नाही. बिडी विझू नये म्हणून जास्त वेळा आणि जास्त जोराने ओढावे लागते. त्यामुळे निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर प्रमाणात शरीरात जातात.

भारतातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे १० वर्षांनी घटते.

कोणते आजार होतात?

फुप्फुसाच्या कर्करोगाची भीती सर्वांना असते. पण धूर तेवढ्यावर थांबत नाही.

- हृदय आणि मेंदू: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात. उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो.
- फुप्फुसे: सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे आणि वायुकोश नष्ट होणे. सुरुवातीला जिना चढताना धाप लागते, पुढे आंघोळ करतानाही लागते.
- क्षयरोग: धूम्रपान करणाऱ्याला टीबी होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो. उपचारानंतर तो उलटण्याची शक्यताही वाढते.
- कर्करोग: फुप्फुसाबरोबरच तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, स्वादुपिंड, मूत्राशय आणि मूत्रपिंड यांचे कर्करोग.
- मधुमेह: टाइप २ मधुमेह होण्याचा धोका वाढतो. मधुमेह आधीच असेल तर पायाच्या जखमा, मूत्रपिंड आणि डोळ्यांचे त्रास लवकर सुरू होतात.
- लैंगिक आरोग्य आणि गर्भधारणा: पुरुषांमध्ये ताठरता कमी होते, कारण तिथल्या रक्तवाहिन्याही अरुंद होतात. गरोदरपणात धुराचा संपर्क आला तर बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मू शकते.
- शस्त्रक्रिया: जखम उशिरा भरते, भूल दिल्यानंतर फुप्फुसाचे त्रास होतात. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर किमान चार आठवडे आधी धूम्रपान बंद करावे.

घरातल्या इतरांचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत दहा लाखांहून अधिक लोक असे असतात, ज्यांनी स्वतः कधी ओढली नाही. ते फक्त दुसऱ्याचा धूर श्वासावाटे घेत होते.

भारतात २०१६-१७ मध्ये प्रौढांच्या तंबाखूसेवनाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराचा संपर्क येतो असे आढळले. लहान मुलांमध्ये या धुरामुळे दमा बळावतो, न्यूमोनिया आणि कानाचे संसर्ग वारंवार होतात. खिडकीत उभे राहून किंवा पंखा लावून ओढल्याने हा त्रास टळत नाही. दोन खोल्यांच्या घरात तर धुराला जायला वेगळी जागाच नसते.

सोडल्यावर शरीर किती लवकर सावरते?

"आता इतकी वर्षे ओढली, सोडून काय फायदा?" हा प्रश्न पन्नाशी-साठीतले रुग्ण हमखास विचारतात. शरीराचे उत्तर आशादायक आहे.

- २० मिनिटांत नाडीचा वेग आणि रक्तदाब खाली येऊ लागतो.
- १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो.
- २ ते १२ आठवड्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसांचे काम सुधारते.
- १ ते ९ महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते.
- एका वर्षात हृदयविकाराचा धोका धूम्रपान करत राहणाऱ्याच्या तुलनेत साधारण निम्मा होतो.
- १० वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण निम्म्यावर येतो.

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून तिथल्या डॉक्टरांच्याच धूम्रपानाचा ५० वर्षे पाठपुरावा केला. २००४ मध्ये त्यांनी मांडलेले निष्कर्ष असे होते: धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे ३ वर्षांचे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला १० वर्षांचे आयुष्य परत मिळते.

ज्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी धूम्रपान सोडले तर पुढील मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. स्टेंट बसवला, गोळ्या चालू आहेत आणि सिगारेटही चालू आहे, अशा वेळी महागड्या उपचाराचा बराच फायदा आपणच वाया घालवत असतो.

सीओपीडीबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नष्ट झालेले वायुकोश परत येत नाहीत. पण सोडल्यानंतर फुप्फुसांची पुढील घसरण मंदावते. ती जितक्या लवकर थांबवाल, तितकी क्षमता तुमच्याजवळ शिल्लक राहील.

मग सुटत का नाही?

कारण हा केवळ मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नसतो. निकोटिन मेंदूत डोपामिन नावाचे रसायन सोडायला लावते, त्यामुळे क्षणभर बरे वाटते. पण रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. ते घटले की बेचैनी, चिडचिड सुरू होते. पुढची सिगारेट ओढली की ती बेचैनी शमते. "सिगारेटने टेन्शन कमी होतं" असे वाटते त्यामागे बऱ्याच अंशी हेच चक्र असते. आधीच्या सिगारेटने निर्माण केलेला ताण पुढची सिगारेट तात्पुरता घालवते.

याला सवयीची जोड मिळते. सकाळचा चहा, जेवणानंतरची पाच मिनिटे, टपरीवरचे मित्र, रात्रपाळी, ट्रॅफिक. मेंदू या प्रत्येक प्रसंगाची सिगारेटशी गाठ बांधून ठेवतो. म्हणून सोडताना दोन आघाड्यांवर काम करावे लागते. एक निकोटिनची गरज, दुसरी सवय.

सोडण्याची तयारी कशी करावी?

१. तारीख ठरवा. पुढच्या दोन आठवड्यांतला एक दिवस निवडा आणि कॅलेंडरवर लिहा. लग्नकार्य, परीक्षा, मार्चअखेर असा ताणाचा काळ टाळा, पण सबब म्हणून तारीख पुढे ढकलत राहू नका. त्या दिवसापासून पूर्ण बंद करणाऱ्यांना हळूहळू कमी करणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक यश मिळते. कमी करत जायचेच असेल तर शून्याची तारीख पक्की हवी.

२. आठ दिवस नोंद ठेवा. प्रत्येक सिगारेट किंवा बिडी कधी, कुठे, कुणाबरोबर ओढली ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहा. तुमच्या अडचणीच्या जागा त्यातून कळतील.

३. घरच्यांना आणि दोन मित्रांना सांगा. गुपचूप सोडायला गेल्यास गुपचूप पुन्हा सुरू होते.

४. आदल्या रात्री घर आवरा. उरलेली पाकिटे, लायटर, ॲशट्रे, गाडीतले राखीव बंडल, सगळे टाकून द्या. "पाहुण्यांसाठी" म्हणूनही ठेवू नका.

५. पैशांचा हिशोब करा. रोज ८ सिगारेटी आणि एक १५ रुपयांना धरली तर दिवसाचे १२० रुपये होतात, वर्षाचे ४३,८००. हे पैसे वेगळ्या डब्यात किंवा खात्यात टाका. महिन्याअखेरीस दिसणारी रक्कम चांगला आधार देते.

पहिले तीन-चार आठवडे

त्रास साधारण पहिल्या आठवड्यात, त्यातही पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक असतो. चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे, उदास वाटणे, भूक वाढणे, बद्धकोष्ठता, कधी तोंड येणे असे होऊ शकते. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तुमचे शरीर निकोटिनशिवाय राहायला शिकत आहे, असा त्याचा अर्थ घ्या.

एकेक तल्लफ साधारण तीन ते पाच मिनिटे टिकते. ती आयुष्यभर राहणार असे त्या क्षणी वाटते, पण ती लाटेसारखी चढते आणि उतरते. तेवढी पाच मिनिटे काढायची असतात. घड्याळ पाहा आणि "दहा मिनिटांनी ठरवू" म्हणा. घोट-घोट पाणी प्या. दहा वेळा खोल श्वास घ्या. जागा बदला, जिना उतरून या, कुणाला तरी फोन करा. तोंडात बडीशेप, लवंग किंवा वेलदोडा ठेवा. सुपारी, गुटखा, पानमसाला मात्र नको.

चहा-कॉफीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. धुरातल्या रसायनांमुळे यकृत कॅफिन लवकर बाहेर टाकत असते. धूम्रपान थांबले की तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तात जास्त कॅफिन साचते. मग धडधड होते, झोप उडते आणि माणसाला वाटते की हा सिगारेट सोडल्याचाच त्रास. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे चहा-कॉफी निम्मी करा. दम्यासाठीची थिओफायलिन किंवा मानसिक आजारांसाठीची क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी औषधे चालू असतील तर सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. या औषधांचा डोस बदलावा लागू शकतो.

दारूबाबतही सावध राहा. सोडलेली सिगारेट पुन्हा हातात येते ती पुष्कळदा पार्टीत, दुसऱ्या पेगनंतर. पहिले दोन-तीन महिने अशा बैठका टाळलेल्या बऱ्या.

औषधांची मदत घ्यावी का?

हो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी-सिगारेट लागत असेल, तर तुमचे निकोटिनवरचे अवलंबन जास्त आहे. अशांनी केवळ निश्चयावर विसंबू नये.

निकोटिन गम, लॉझेन्जेस आणि पॅच: यातून निकोटिन कमी मात्रेत आणि सावकाश मिळते, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो. गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतो. तो साध्या च्युइंगमसारखा सतत चघळला तर मळमळ, उचकी, जळजळ होते आणि फायदाही होत नाही. चव झणझणीत लागेपर्यंत हळू चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, झणझण गेली की पुन्हा चावा. असे साधारण अर्धा तास करा. गमच्या आधी १५ मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक घेऊ नका. पॅच रोज स्वच्छ, कोरड्या त्वचेवर नव्या जागी लावायचा असतो. पॅच आणि गम दोन्ही एकत्र वापरल्यास यश अधिक मिळते. कोर्स साधारण १२ आठवड्यांचा असतो आणि शेवटी मात्रा कमी करत न्यायची असते.

गोळ्या: व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे तल्लफ कमी करतात. ती सोडण्याच्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात. व्हॅरेनिक्लीनने मळमळ आणि विचित्र स्वप्ने पडू शकतात. फिट येण्याचा आजार असणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात, मेडिकलमधून परस्पर नाही.

गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण आणि १८ वर्षांखालील मुले यांनी निकोटिनचे कोणतेही उत्पादन वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

समुपदेशन: राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक तुमच्या पाकिटावरच छापलेला असतो. तिथे मराठीतूनही बोलता येते. समुपदेशन आणि औषध दोन्ही मिळाले तर यशाची शक्यता सर्वात जास्त.

नेहमी येणाऱ्या काही शंका

*"बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही."*
निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते, त्यामुळे हा अनुभव खरा आहे. पण आतडी त्याशिवायही काम करू शकतात. काही दिवस जड जातील. सकाळी कोमट पाणी, जेवणात भाजी, फळे, कोशिंबीर, रोज अर्धा तास चालणे आणि गरज पडल्यास रात्री इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचे जमते.

*"सिगारेट सोडून तंबाखू किंवा मिश्री घेतली तर?"*
२०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के प्रौढ होते, तर तंबाखू चघळणारे किंवा मिश्रीसारख्या रूपात वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे हा पर्याय आपल्याकडे हाताशीच असतो. पण यात निकोटिन तेच आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका मोठा आहे. एक सोडून दुसरे धरण्यात सुटका नाही.

*"हुक्का, ई-सिगारेट?"*
हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो म्हणून स्वच्छ होत नाही. ई-सिगारेटवर भारतात २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. तिच्यातल्या निकोटिनमुळे तरुण मुलांना व्यसन लागते.

*"वजन वाढेल ना?"*
अनेकांचे पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वाढते. भूक परत येते, चव कळू लागते. तरीही सोडण्याचा फायदा या वाढीपेक्षा कितीतरी मोठा आहे. चिवडा-फरसाणाऐवजी गाजर, काकडी, फुटाणे जवळ ठेवा आणि चालणे वाढवा. मधुमेह असेल तर पहिले काही महिने साखर जास्त वेळा तपासा.

पुन्हा ओढली गेली तर?

पहिल्याच प्रयत्नात कायमची सुटली असे सर्वांचे होत नाही. बहुतेकांना एकापेक्षा जास्त प्रयत्न करावे लागतात. एखाद्या लग्नात किंवा दुःखाच्या प्रसंगी एक ओढली गेली, तर "गेलंच सगळं" म्हणून पाकीट विकत घेऊ नका. तिथेच थांबा. कोणत्या प्रसंगी घसरलो ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्या प्रसंगासाठी तयारी करा. पूर्ण पुन्हा सुरू झाली असेल तर महिनाभराच्या आत नवी तारीख ठरवा आणि या वेळी औषधाची मदत घ्या.

घरच्यांसाठी

सोडणाऱ्या माणसाचे पहिले दोन आठवडे घरालाही जड जातात. चिडचिड होईल, ती मनावर घेऊ नका. "तुम्हाला नाही जमणार," "किती वेळा सोडली आणि धरली" अशी वाक्ये टाळा. खिसे तपासणे आणि तोंडाचा वास घेणे यामुळे लपवाछपवी वाढते. त्याऐवजी संध्याकाळी चालायला सोबत जा, जेवणानंतर त्यांना बोलण्यात किंवा कामात गुंतवा, आठवडा पार पडला की तसे बोलून दाखवा. घरात दुसरे कुणी ओढत असेल, तर दोघांनी मिळून सोडणे सर्वात सोपे पडते. वडीलधाऱ्यांना "आता या वयात कशाला" म्हणून सोडून देऊ नका. साठीनंतरही फायदा होतो हे वर पाहिलेच.

या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका

- छातीत दडपण किंवा दुखणे, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. अचानक तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करा किंवा ताबडतोब रुग्णालय गाठा.
- दोन आठवड्यांहून जास्त खोकला. सरकारी आरोग्य केंद्रात टीबीची तपासणी मोफत होते.
- थुंकीतून रक्त, विनाकारण वजन घटणे.
- तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना अडकणे.
- तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा.
- चालताना पोटरीत गोळे येणे, पायाचे बोट काळे-निळे पडणे, जखम न भरणे.

चाळिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या व्यक्तीला धाप लागत असेल, तर स्पायरोमेट्री ही फुंकर मारून करायची साधी तपासणी जरूर करून घ्यावी. सोबत रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा दिवसाला किती ओढता हे खरे सांगा. त्यावर तुमच्या औषधाचा डोस ठरतो, लाज वाटण्याचे त्यात काही नाही. आणि जाण्याआधी एक तारीख ठरवून जा. सध्या दिवसाला तीन-चार ओढत असाल, तर निम्मी वाट तुम्ही आधीच चालून आला आहात. आता त्या तीन-चारही बंद करायच्या आहेत, आणि त्यासाठी लागणारी मदत तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे आहे.